हौसाबाईंचे हात

"मग हो म्हणायला अडतंय कुठं, अण्णा?"

श्रीरंगनं पुन्हा विचारलं. अण्णा शेणोलीकर मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. ते फोडतच राहिले.

अण्णांचा उभा जन्म कॉलेजात अँटेना शिकवण्यात गेला. निवृत्त झाले आणि या टेकडीवरच्या मठात येऊन राहिले. मठात महाराज नव्हतेच. लोक आपले अण्णांनाच काय ते विचारायला लागले.

श्रीरंग त्यांचा लाडका विद्यार्थी. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण मोबाइलच्या कंपनीनं त्याचं नवं पॅनल आणि नवा फोन उचलून धरल्यापासून त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता! आता कारखान्यात काम सुरू व्हायचं तेवढं बाकी, आणि तिथंच घोडं अडलेलं. कंपनीचे मोठे साहेबही अण्णांचेच विद्यार्थी. ते म्हणाले होते, "अण्णा हो म्हणाले तर लगेच सुरू. नाहीतर थांबायचं."

एवढ्या वर्षांची मेहनत, आणि ती एका म्हाताऱ्याच्या होकारावर टांगलेली. श्रीरंगला ते मनातून लागलं होतं.

"पुन्हा सांग," अण्णा म्हणाले.

"पॅनलवर नखाएवढ्या अँटेनांच्या रांगाच रांगा आहेत. सगळ्या मिळून लहरींचा एक बारीक झोत करतात, आणि फोन जिथं असेल तिथं तो बरोबर वळवतात. अख्खा सिनेमा बघता बघता उतरतो."

"आणि फोनात?"

"त्याच्या दोन्ही कडांना तशाच बारक्या अँटेना."

"मोजलंस?"

"बंद खोलीत, स्टँडवर ठेवून. वेगाचा आकडा जरासुद्धा हलला नाही."

"स्टँडवर..."

"सगळे तसंच मोजतात, अण्णा. माणसाच्या हातात दिला की प्रत्येकाचा हात निराळा, पकड निराळी. आकड्यांचा मेळच बसत नाही."

अण्णांनी एक शेंग फोडली. पोचट निघाली. ती त्यांनी बाजूला टाकली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" श्रीरंग उठला. "दाखवतोच."

समोरच्या धर्मशाळेच्या गच्चीवर त्यानं सकाळीच पॅनल बसवलं होतं. पायथ्याच्या टॉवरपासून तार वर आणली होती. आता त्यानं ओसरीवर स्टँड मांडला, त्यात फोन खोचला आणि कपाळावरचा घाम पुसला.

अण्णांनी आत हाक मारली. "हौसाबाई, या बाहेर. नात बघायचीय ना?"

हौसाबाई मठात स्वयंपाक करायच्या. त्यांची मुलगी संगीता सुरतेला बाळंत झाली होती. हौसाबाईंचे गुडघे धरलेले, प्रवास झेपायचा नाही. टेकडीवर रेंजही अशी, की लेकीचा आवाज कसाबसा यायचा, चित्र म्हणून कधी आलं नाही. पोरगी कशी दिसते, हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

त्या पिठाचे हात पुसत आल्या आणि फोनसमोर बसल्या.

फोन लागला. आणि काय सांगावं! चित्र असं स्वच्छ, की संगीताच्या मांडीवरच्या बाळाच्या जावळाचे केससुद्धा मोजून घ्यावेत. बाळानं जांभई दिली.

"अगं बाई... माझी सोनी गं!" हौसाबाई पुढं सरकल्या.

श्रीरंगनं अण्णांकडे पाहिलं. झालं की नाही, असं ते पाहणं होतं.

आणि हौसाबाईंनी तेच केलं, जे नात पहिल्यांदा बघणारी कुठलीही बाई करते. दोन्ही तळवे पुढं नेले, फोनच्या दोन्ही कडांवरून मायेनं खाली ओढले, दृष्ट काढायला.

चित्र थिजलं. बाळ अर्ध्या जांभईतच राहिलं.

"हात लावू नका हो!" श्रीरंग ओरडला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तळवा आडवा आला की लहरी अडतात!"

हौसाबाई दचकल्या. त्यांनी हात झटकन पदराखाली घेतले.

बाळाची जांभई पुरी झाली.

"बघितलंत?" श्रीरंग म्हणाला. "हात काढला की आलं. यंत्रात दोष नाहीच, अण्णा. हात मध्ये येतो."

अण्णांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"श्रीरंग, इकडं बस. बाईंच्या शेजारी."

तो बसला.

"हात पाठीमागं घे."

"काय?"

"पाठीमागं."

गुरूंचं ऐकायची जुनी सवय. त्यानं हात मागं बांधले. दोघं शेजारीशेजारी, बिनहातांचे, बाळाकडे बघत बसले.

बाळ कुशीवर वळलं. त्याची मूठ दुपट्यातून सुटली आणि हवेत काहीतरी शोधायला लागली. शोधता शोधता ते एकदम कळवळून रडायला लागलं.

श्रीरंगचा हात आपोआप पुढं आला.

"मागं," अण्णा म्हणाले.

त्यानं हात मागं घेतला. शेजारी पदराखाली हौसाबाईंची बोटं एकमेकांत अडकून घट्ट झाली होती. ते त्याला दिसलं, आणि दिसल्यावर तिकडं बघवेना.

थोड्या वेळानं संगीता म्हणाली, "आई, तिला भूक लागलीय, ठेवते गं." चित्र गेलं.

हौसाबाई भिंतीला धरून उठल्या. "लई ग्वाड यंतर हाय, दादा," त्या म्हणाल्या. "माझंच हात वंगाळ." आणि आत गेल्या. आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला.

श्रीरंग काहीतरी म्हणणार होता. माफी मागावी, की समजावून सांगावं, त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात चटईवर पडलेला त्याचा नेहमीचा फोन वाजला. मोठे साहेब! हो की नाही, ते विचारायलाच.

फोन वाजत राहिला. श्रीरंगचे हात अजून पाठीमागंच होते.

"अण्णा," तो म्हणाला, "साहेब आहेत... उचलू?"

अण्णांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"उचल की," ते म्हणाले. "हात न लावता."