बिळातला गेमिंग लॅपटॉप

“माझं या घरात कुणी कधी खरं मानलंय?” तान्हूबाई उंदरीण शेंगा सोलता सोलता फणकारली. ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा जनावरांच्या घरातही लॅपटॉप शिरले होते.

तिच्या बाब्याला खेळायचा भारीतला लॅपटॉप हवा होता. किंमत म्हणजे घरातल्या शेंगांची अख्खी रास.

“अभ्यासाला लागतो, आई.”

“कसला अभ्यास? तुला तीनचा पाढा येत नाही. आणि ते यंत्र चुलीसारखं तापतं. बीळ उबदार झालं की साप येऊन बसेल.”

“खारीकडे आहे की तसला,” बाब्याचे वडील गोपाळराव म्हणाले.

“अहो, खार झाडावर राहते. तिला वारा लागतो.”

बापलेक पोट धरधरून हसले. दुकानदार सशाने लॅपटॉप एक दिवस वापरून बघायला दिला.

बाब्या खेळायला बसला, पंखा घोंघावू लागला, बीळ तापलं. दुपारी साप आला आणि लॅपटॉपवर वेटोळं घालून गाढ झोपला. तिघं जीव घेऊन बाहेर पळाले.

संध्याकाळी ससा आला. “मग, ठेवताय ना?”

“तो आत झोपलाय, त्याला विचारा,” गोपाळराव म्हणाले. “शेंगाही आतच आहेत.”

सशाने आत डोकावलं आणि तो घरी निघून गेला.

आता चूक कुणाची? बाब्याने बापाकडे बोट दाखवलं, बापाने सशाकडे. मग दोघांना एकदमच आठवलं, की सकाळी सकाळी घरात सापाचं नाव काढलं होतं ते एकटीनेच. तान्हूबाईने.