खालच्या डोहाला विचारा

फार जुन्या काळी एका डोंगराच्या दोन अंगांना दोन नद्या वाहत होत्या. पूर्वेकडची आटली, तेव्हा तिथल्या हरणांसाठी साळिंदराने खिंडीतून चर खणला आणि पश्चिमेच्या नदीचं पाणी पलीकडे वळवलं.

थोड्याच दिवसांत पश्चिमेच्या नदीच्या अगदी खालच्या डोहात नुसता चिखल उरला. तिथली म्हातारी कासवीण संतापून डोंगर चढली. पण पलीकडे पाडसं घटाघटा पाणी पिताना दिसली आणि तिचा निम्मा राग तिथेच ओसरला.

"साळिंदरा, कुणाला विचारून पाणी नेलंस?"

"वरच्या डोहातल्या पाणमांजराला विचारलं, आजी. ते म्हणालं, खुशाल न्या."

"त्याचा डोह तर भरलेलाच आहे. तहानेने मरायचं आम्ही आणि विचारायचं त्याला?"

हे ऐकून एक हरिणी पुढे झाली आणि तिने चराच्या तोंडाशी धोंडा लोटला. निम्मं पाणी पुन्हा खालच्या डोहाकडे धावलं.

"आजी, आमची पोरं जगायला हवीत," ती म्हणाली, "पण तुमची मारून नकोत."

तेव्हापासून चर उघडण्याआधी कासविणीला बोलावणं जातं. तिला यायला फार वेळ लागतो, पण सगळे थांबतात.