काळी पट्टी

"लेन्सची मोटर गेलीय, चाचा."

दस्तगीर चाचांनी बशीतला चहा संपवला, मग विचारलं, "काय काय करून बघितलंस?"

"सगळं केलं. बॅटरी बदलली, कॉन्टॅक्ट खोडरबरानं घासले, दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून बघितली. लेन्स नुसती घुर्र घुर्र करते, फोकस काही पकडत नाही. मोटरच गेली, दुसरं काय! आत्ताच्या आत्ता बदलून द्या."

मिरजेत चाचांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान, आणि त्याला चिकटून माझं घड्याळांचं. हा रणधीर कॅमेरा हातात धरायला चाचांकडंच शिकला. पुढं जंगलातले पक्षी टिपून दोन मोठी बक्षिसं मारली, तेव्हापासून विचारायचं सोडून सांगायलाच लागला. खरं सांगतो, माझं डोकंच फिरायचं.

"घाई कसली एवढी?" चाचा म्हणाले.

"आण्णांची आज शेवटची फेरी. पाचला चिपळूणची एसटी घेऊन स्टँडात येतील, उद्यापासून रिटायर. एकतीस वर्षं गाडी चालवली, चाचा... स्टिअरिंगवर बसलेला एक फोटो नाही त्यांचा. लायसनवरचा तेवढा आहे."

बापाबद्दल त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"मोबाईलवर काढ की," मी म्हणालो.

"आण्णांचा? मोबाईलवर?" त्यानं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. "बाकीच्या लेन्सा विकल्या. पक्ष्यांना हीच लागते. सकाळी ते खाकी चढवत होते तेव्हा काढायला गेलो, तर ही अशी."

सव्वाचार झाले होते.

"माझा काढ," चाचा ताठ बसले.

घुर्र... घुर्र...

"मागं सर."

रणधीर दारापर्यंत सरला. घुर्र...

"अजून."

"अहो, रस्ता आहे मागं!"

"मग ओलांड."

तो धुसफुसत पलीकडच्या गिरणीच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच पळत आला.

"पकडला! दाढीचा केस न् केस मोजून घ्या! काय केलंत?"

"मी? चहा प्यालो."

चाचांनी लेन्स हातात घेतली. तिच्या कडेला काळी चिकटपट्टी होती. ती त्यांनी नखानं सोलली. खाली एक बारकं बटण होतं.

"पट्टी कुणी लावली?"

"मीच. जंगलात धक्का लागून बटणं हलतात, म्हणून..."

रणधीरनं बटणाकडं बघितलं. बटण 'फक्त लांबचं' या बाजूला होतं. जवळच्या फांद्यांवर फोकस जाऊ नये म्हणून त्यानंच ते तसं केलं होतं, दोन वर्षांमागं.

"दोन वर्षांत जवळचं कुणी काढलंच नाहीस?"

रणधीर सोललेली पट्टी बोटाला गुंडाळत राहिला.

चाचांनी बटण सरकवलं. टेबलाच्या ह्या बाजूनं त्यांचा चेहरा एका झटक्यात पकडला गेला. रणधीर हसला, डोळे पुसले, चाचांच्या गुडघ्याला हात लावला आणि निघाला.

पायरीवरून परत वळला. किती वर्षांनी त्यानं फोटो कसा काढू ते विचारलं असेल!

"चाचा... किती जवळ जाऊन काढू?"

चाचा कपातला उरलेला चहा बशीत ओतत होते.

"जा पुढं. आण्णा 'जेवलास का?' विचारतील, तिथं थांब."