खारट गुळाची सोयरीक

सांगते, पण ह्यातला एक शब्दसुद्धा खरा मानून दाखव बघू. नाहीच मानणार तू. बस तरी.

खाडीच्या अल्याड एक राजा होता. त्याच्या राज्यात मीठ पिकायचं. पल्याडच्या राजाकडं ऊस. इकडचं मीठ होडीनं तिकडं जायचं, तिकडचा गूळ इकडं यायचा. दोन्हीकडची माणसं जेवून ढेकर द्यायची.

पण राजाला एक मेव्हणा होता. असतोच. तो राजाच्या कानाशी लागला. म्हणाला, परक्याचा गूळ खाताय, शोभतं का राजाला? मी इथंच ऊस लावतो, तुम्ही तेवढ्या होड्या बंद करा. राजा फुगला. होड्या बंद झाल्या. मग पल्याडच्यानंही इकडचं मीठ घेणं सोडलं.

मेव्हण्यानं खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत ऊस लावला. गूळ निघाला खारट, आणि भाव दुप्पट. लोकांनी तोंड वाकडं करत खाल्ला, दुसरा होताच कुठं? मिठागरवाले मिठाच्या ढिगापाशी माशा मारत बसले.

अशात राजाच्या लेकीला स्थळ आलं. पोरगं तिच्या मनात भरलेलं. रीत अशी, की व्याह्यांचं तोंड गुळानं गोड केल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. विहीणबाईंनी खडा तोंडात घातला आणि तसाच पदरात काढला. म्हणाल्या, आमची चेष्टा करायला बोलावलंत का? पाहुणे पागोटी शोधायला लागले.

पोरीनं ताट मामापुढं धरलं. "मामा, एक खडा खा. म्हणजे चेष्टा नाही हे ह्यांना पटेल."

मामा घुटमळला. "मला गोड चालत नाही गं."

"मग हा चालेल की. हा कुठं गोड आहे?"

सगळ्यांत आधी विहीणबाईच हसल्या. राजा मेव्हण्याकडं बघत राहिला. मेव्हणा सोडावा की लेकीचं लग्न? मग म्हणाला, "होड्या सोडा."

दिवस मावळायच्या आत पल्याडचा गूळ आला आणि सोयरीक जमली. जाताना त्याच होड्या मीठ भरून गेल्या. मेव्हण्यानं ऊस उपटून तिथंच मिठागर केलं. मीठ झकास निघालं, पल्याड हातोहात खपलं. आता सांगत फिरतो, होड्या सोडायची अक्कल माझीच.

तात्पर्य काय, तर ज्याच्या मातीत जे चांगलं येतं ते त्यानं द्यावं, नाही येत ते शेजाऱ्याचं घ्यावं. शेजाऱ्याला दार लावलं की कोंडले जातो आपणच.

झालं. ऊठ, जा आता. माझं डोकं नको खाऊ.