सिपोराचा पेला

"आणि तिकडे जाऊन हिनं सगळं सोडून दिलं तर, काका?"

एलकान झिराडकर खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. त्याची एकुलती एक लेक सिपोरा रविवारी शिकायला भोपाळला निघणार होती. तिथे ना आपलं प्रार्थनालय, ना आपलं माणूस. 

म्हणून शुक्रवारी दुपारीच तो तिला घेऊन रेवदंड्याला रूबेनकाकांकडे येऊन थडकला. काका तिथले हजान. सगळा जन्म इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींची प्रार्थना चालवण्यात गेलेला.

"तुम्ही चार शब्द सांगा तिला. माझं तर ऐकूनच घेत नाही."

"तू काय सांगितलंस आजवर?"

"सगळं!" एलकान ताठ झाला. "शब्बाथची, शुक्रवारची एक संध्याकाळ चुकवली नाही मी. काळ्या मनुकांचं सरबत मी गाळतो. पेला हातात घेऊन किद्दूशची प्रार्थना मी म्हणतो. हिब्रूचं एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. विचारा हिला."

"आणि ही काय करते?"

"ही... बसते. ऐकून शेवटी आमेन म्हणते."

काकांनी सिपोराकडे पाहिलं.

"एकदा म्हणायला दिलं होतं, काका. इतकं चुकली, इतकं चुकली! मग म्हटलं, राहू दे बाई, मीच म्हणतो."

सिपोरा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"पण बाबा, त्यानंतर पुन्हा कधी..." एवढंच बोलली ती.

बाहेर माडांमागे सूर्य कलला. काकूंनी दिवे लावले, टेबलावर मनुकांच्या सरबताचा पेला आणून ठेवला. सगळे उभे राहिले. एलकानचा हात सवयीनं पेल्याकडे गेला.

काकांनी पेला उचलला आणि सिपोराच्या हातात दिला.

"अहो काका! तिला नाही जमायचं!"

काकांनी तिची बोटं पेल्याभोवती नीट बसवली.

"निदान आज तरी नको. जाताजाता चुकीचंच घेऊन जाईल ती..."

काकांनी ओठावर बोट ठेवलं.

सिपोरानं पेला उचलून धरला. तिनं सुरुवात केली. पहिल्याच ओळीत अडखळली. एलकानचे ओठ हलायला लागले, तसा काकांनी त्याचा दंड धरला. काय ती पकड म्हाताऱ्याची!

पोरगी अडली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मध्ये कुठेतरी बापाचीच चाल तिच्या गळ्यात उतरली, आणि कशीबशी ती शेवटाला पोचली.

मग थांबली.

घरात कुणीच बोलेना. काका नाहीत, काकू नाहीत. सिपोरा पेला धरून बापाकडे बघत राहिली. डोळे भरलेले.

"दोन शब्द गाळले हिनं," एलकान म्हणाला. "ऐकलंत ना? आता मी काय करू, काका? सांगा ना, मी काय करू...?"

काकांनी त्याचा दंड सोडला.

"आमेन म्हण, एलकान. ते तिचं तिला म्हणता येत नाही."