भात्यावरचा हात

एकदा एका मुलीने तीन माणसांना तीन वेगवेगळ्या दिवशी ‘हो’ म्हटले, आणि ते तिन्ही होकार एकाच सकाळी, एकाच खोलीत समोरासमोर येण्याची वेळ आली.

वसईच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात सिस्टरांची शाळा होती. शाळेच्या वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे वर्ग भरत. दहावीचा निकाल लागला की शाळेच्या स्वतःच्या मुलींना प्रवेशाचा पहिला मान मिळे. मात्र त्यासाठी संत अंतोनीच्या सणानंतरच्या सोमवारी पालकांना घेऊन प्रिन्सिपल सिस्टरांसमोर उभे राहावे लागे आणि सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, त्यात कोणते विषय, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागे. आईवडिलांनी सांगितलेले त्या खोलीत धरत नसत. ही त्या शाळेची जुनी रीत होती.

मुलीचे नाव जसिंता. स्वभावाने इतकी लाजरी, की वर्गात हजेरीला ‘येस टीचर’ म्हणतानाही तिचे कान लाल होत. पण डोळा मात्र बारीक. ती बोलत नसे, बघत असे.

तिचे वडील कारखान्यात फिटर होते. निकाल लागला त्या संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा सोडत म्हणाले, “सायन्स घ्यायचं, गणित घ्यायचं, आणि सरळ इंजिनिअर व्हायचं. आमच्या साहेबासारखं. काय?”

जसिंता म्हणाली, “हो पप्पा.”

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण शॅरल कुंपणावरूनच ओरडली, “ए, आपण कॉमर्स घेतोय हं! दहा वर्षं एका बाकावर बसलो, आता मला कुणा अनोळखी पोरीच्या शेजारी बसवू नको.”

जसिंता म्हणाली, “हो गं.”

आणि त्या आठवड्यात मराठीच्या टीचर चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. “तुझे निबंध मी अजून जपून ठेवलेत. तू आर्ट्सलाच यायचंस. येशील ना?”

जसिंता म्हणाली, “हो टीचर.”

तिन्ही वेळा ती खोटे बोलली असे नाही. समोरच्या माणसाचा चेहरा उजळताना पाहिला की तिला त्या क्षणी तेच खरे वाटे. शिवाय ‘हो’ म्हटले की बोलणे लवकर संपते, हे तिला लहानपणीच कळले होते. पण आता सोमवार जवळ येत चालला होता. पप्पा सोबत येणार होते. मराठीच्या टीचर प्रवेशाच्या टेबलापाशीच बसत. आणि रांगेत मागे शॅरल असणार होती. त्या खोलीत एकच उत्तर चालणार होते, आणि कोणतेही दिले तरी दोन माणसांना ती फसवी ठरणार होती. याहून वाईट हे, की स्वतःला काय हवे आहे हे तिला कुणी विचारलेच नव्हते, तिनेही नाही.

शाळेच्या चॅपलमध्ये एक वृद्ध सिस्टर पेटी वाजवत. मुली त्यांना पेटीवाल्या सिस्टर म्हणत. बोटे वाकडी झाली होती, तरी सूर सरळ येत. गाणाऱ्या मुलींच्या त्यांनी दोन ओळी केल्या होत्या : डावीकडे वरच्या सुरात गाणाऱ्या, उजवीकडे खालच्या. जसिंता पाचवीपासून डाव्या ओळीत होती आणि आजवर एकदाही चुकली नव्हती.

सणाच्या तालमी सुरू झाल्या आणि सिस्टरांनी काही न सांगता तिला उजवीकडे उभे केले. जसिंता तिथेही बरोबर गायली. पुढच्या तालमीला पुन्हा डावीकडे. तिथेही बरोबर. मग पुन्हा उजवीकडे.

“सिस्टर हिला सोंगटीसारखी फिरवतात,” शॅरल कुजबुजली. “उद्या वेदीवर ठेवतील, फुलदाणीत.”

मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि म्हणाल्या, “जसिंता, सणाच्या मिस्सेत स्तोत्राची कडवी तू म्हणायचीस. एकटीने.”

कडवे एकीने म्हणायचे आणि त्याला सगळ्यांनी प्रतिसाद द्यायचा, अशी स्तोत्राची पद्धत. आजवर कडवी शॅरल म्हणत आली होती. जसिंता ओळीतून पुढे आली.

“सिस्टर, माझा आवाज लहान आहे.”

“चॅपलही काही मोठं नाही,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी मुली गेल्यावर ती मागे थांबली. वेदीसाठी घरच्या मोगऱ्याच्या वाडीतून आणलेली फुले तिने तबकात ठेवली आणि धीर करून विचारले, “सिस्टर, तुम्हीच सांगा ना, मी अकरावीला काय घेऊ? तुम्ही सांगाल ते घेते.”

सिस्टरांनी तबकातले एक फूल उचलले. “या वर्षी फुलं बारीक दिसतात.”

“हो ना! पानंही बघायला हवीत तुम्ही,” जसिंता म्हणाली. “कडांनी करपतात. पण सगळी नाही. खाडीकडच्या ओळी आधी, मग मधल्या. उधाणाच्या भरतीनंतर तर जास्तच, आणि तेव्हाच विहिरीचं पाणीही मचूळ लागतं. पप्पा म्हणतात खत वाईट निघालं. पण खत सगळ्या झाडांना एकच घातलंय, आणि मोरीजवळचं जे झाड आहे, ज्याला नळाचं पाणी जातं, ते अजून हिरवंगार आहे. म्हणजे खाडीचं पाणी जमिनीखालून विहिरीत येत असणार. पण आत्ताच का येतं? आजीच्या वेळी तर पाणी गोड होतं म्हणे. आणि किती आत येईल ते? मला कधीकधी वाटतं, की…”

ती एकदम थांबली. एवढे सलग ती कधी कुणाशी बोलली नव्हती. तिचे कान लाल झाले.

“मी काय विचारत होते, सिस्टर…”

“ऐकलं मी,” सिस्टर म्हणाल्या आणि फूल तबकात ठेवून निघून गेल्या.

संत अंतोनीचा सण आला. आशीर्वादाच्या पावांच्या टोपल्या वेदीपाशी मांडल्या होत्या. चॅपलभर पावाचा आणि मोगऱ्याचा वास मिसळला होता. जसिंताचे आईवडील तिसऱ्या बाकावर बसले होते. स्तोत्राची वेळ झाली. सिस्टरांनी पेटीच्या काळी दोन पट्टीचा सूर धरला, आणि जसिंताने त्याला बिलगून पहिले कडवे म्हटले. प्रतिसाद आला. दुसरे कडवे सुरू झाले.

आणि त्या कडव्याच्या मध्यावर पेटी थांबली.

पेटी एकदम बंद होत नाही. भात्यावरचा हात थांबला तरी आत उरलेली हवा क्षणभर सूर धरून ठेवते, मग तो पातळ होत जातो, मग विरतो. जसिंताला तो विरताना ऐकू आला. तिने पेटीकडे पाहिले : सिस्टरांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि डोळे मिटलेले. तिने डावीकडे पाहिले, तर शॅरल जमिनीकडे पाहत होती. उजवीकडेही कुणाच्या ओठांवर सूर नव्हता. आयुष्यात प्रथमच आधार घ्यायला शेजारी कुणी नव्हते.

ती थांबली असती तर चालले असते. तिला वाटलेही थांबावे. पण ओळ अर्धी राहिली होती आणि पावाच्या टोपल्यांपर्यंत सगळे निःशब्द होते. तिने श्वास घेतला आणि पुढचा शब्द उचलला. आवाज कापला. पुढच्या शब्दाला थोडा कमी कापला. आपला आवाज भिंतीला लागून परत येतो, तो असा असतो, हे तिला त्या दिवशी कळले. तो कुणासारखाच नव्हता. कडवे संपले.

त्याच क्षणी पेटी पुन्हा वाजली, तिच्याच सुरात, आणि सगळ्या चॅपलने प्रतिसाद दिला.

मिस्सेची प्रार्थना संपल्यावर व्हरांड्यात पाव वाटले जात होते. शॅरल पाव चावत म्हणाली, “भात्याला उंदीर लागला काय गं? मी असते तर रडलेच असते तिथे.”

जसिंता सरळ पेटीपाशी गेली. तिला राग आला होता, आणि राग आल्याचेच तिला नवल वाटत होते.

“सिस्टर, तुम्ही मुद्दाम थांबलात.”

“हो.”

“सगळ्यांसमोर. माझे पप्पा होते तिथे.”

“म्हणूनच थांबले.” सिस्टरांनी तिला शेजारच्या स्टुलावर बसवले. “बाय, सहा वर्षं तू एकदाही चुकली नाहीस. मला त्याचंच भय वाटत होतं. डावीकडे ठेवली तर डावीकडचा सूर, उजवीकडे ठेवली तर उजवीकडचा. तुझा कान फार चांगला आहे. शेजारणीच्या तोंडातून सूर निघायच्या आत तू तो उचलतेस. म्हणून तुझा स्वतःचा सूर कोणता, हे मला कधी ऐकायलाच मिळालं नाही. तुलाही नाही. परवा तू मला विचारलंस, काय घेऊ. मी सांगितलं असतं तर तू तेही उचललं असतंस. मग मी चौथी झाले असते.”

जसिंताने मान खाली घातली. आधीच्या तीन होकारांचे सिस्टरांना कुणी सांगितले होते कोण जाणे. लहान गावात होकार लपत नाहीत.

मग तिने विचारले, “पण मी उतरले ना? सूर खाली गेला माझा. मला कळलं ते.”

“अर्धा सूर. काळी दोनला सुरू केलंस आणि त्याखालच्या पांढरी दोनवर संपवलंस. एकटं गाणारा माणूस थोडा उतरतोच.”

“मग प्रतिसाद बेसूर कसा नाही झाला?”

“कारण मी पांढरी दोनवर आले,” सिस्टर म्हणाल्या. “तू जिथे पोचलीस तिथे. साथ करणाऱ्याचं तेच तर काम. पण तू कुठेतरी पोचल्याशिवाय मी येणार कुठे?”

त्यांनी पेटीवर झाकण घातले आणि टोपलीतला एक पाव तिच्या हातात ठेवला. पाव अजून कोमट होता.

सोमवारी सकाळी प्रिन्सिपल सिस्टरांची खोली भरलेली होती. टेबलाशी मराठीच्या टीचर बसल्या होत्या आणि तिला पाहून प्रसन्न हसल्या. मागे दारात शॅरल आणि तिची आई. शेजारी पप्पा, इस्त्रीच्या शर्टात.

“बोल जसिंता,” प्रिन्सिपल सिस्टर म्हणाल्या.

“सायन्स,” ती म्हणाली.

पप्पांनी समाधानाने मान हलवली.

“पण गणित नको. जीवशास्त्र आणि भूगोल.”

पप्पांची मान हलायची थांबली. मग पप्पांचा कारखान्यातला मोठा आवाज आला, “भूगोल? सायन्समध्ये भूगोल कोण घेतं? नद्या-डोंगर पाठ करून कुणाचं भलं झालंय? अगो, परवा तर हो म्हणालीस!”

“म्हणाले होते, पप्पा. शॅरललाही म्हणाले होते. टीचरांनाही.” तिने एकेकाकडे पाहिले, ते सर्वांत कठीण होते. “मी सगळ्यांनाच हो म्हटलं. माझं चुकलं.”

टीचरांचे हसू मावळले. पण त्यांनी नजर काढून घेतली नाही. दारातून शॅरल पुटपुटली, “म्हणजे बाक आता मी एकटीनेच धरायचा.” ती गंमत करत होती, पण तिचे डोळे भरले होते.

“घेता येतो भूगोल,” प्रिन्सिपल सिस्टर म्हणाल्या. “फार मुली घेत नाहीत, इतकंच. पण का घेतेस, ते सांग.”

जसिंताने बोलायला सुरुवात केली. खाडीकडच्या ओळी, उधाण, मचूळ पाणी, मोरीजवळचे हिरवे झाड. आवाज कापत होता, मधे खालीही गेला. शेजारून कुणी सूर देत नव्हते. ती थांबली नाही. ती म्हणाली, की खाडी जमिनीखालून कशी येते आणि तिला अडवता येते का, हे तिला शिकायचे आहे. आणि ते कुठल्या एका पुस्तकात नसणार, म्हणून दोन्ही विषय हवेत.

ती बोलायची थांबली तेव्हा पप्पा तिच्याकडे पाहत होते. जणू घरातली एखादी रोजची वस्तू त्यांनी पहिल्यांदा उजेडात धरली होती.

“विहिरीचं हे मला कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही म्हणालात, खत वाईट आहे. मी हो म्हणाले.”

पप्पांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाचच सारखी केली. जसिंताला वाटले, आता ते ओरडतील. तिने ओरडणे ऐकायची तयारीही केली. शब्द मागे घ्यायची मात्र केली नाही.

मग पप्पा बोलले. पण तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. तो खाली आला होता, तिचा आवाज जिथे होता तिथे.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ती भूगोलाची पुस्तकं इथेच मिळतात, की बाहेरून आणावी लागतात?”

आपल्या माणसाला सूर देणारे पुष्कळ असतात. तो कुठे पोचतो हे ऐकायला थांबणारा आणि मग तिथवर जाणारा क्वचितच भेटतो.