पखालींचा मक्ता

लहानांनी ऐका आणि मोठ्यांनीही ऐका. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्याच्या उत्तरेला गवताचे डोंगर होते. पावसाळा सरला की तिथं पुरुषभर उंच गवत माजायचं आणि उन्हाळ्यात वाळून कोरडंठाक व्हायचं. मग कुठंतरी ठिणगी पडायची आणि वणवा उठायचा. डोंगरांच्या पायथ्याला गवतानं शाकारलेल्या घरांची गावं होती. त्या गावांसाठी राजानं एक व्यवस्था लावून दिली होती. दर फाल्गुनात दवंडी पिटली जाई. ज्यांच्याकडे पाण्याच्या कातडी पखाली आणि त्या वाहून नेणाऱ्या म्हशी असत, ते राजवाड्याच्या अंगणात जमत. वणवा विझवायला किती रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, घेणार, ते प्रत्येकजण सांगे. सगळ्यांत कमी रोज सांगणाऱ्याचं नाव यादीत पहिलं लागे, त्याच्यावरच्याचं दुसरं, मग तिसरं. वणवा लागला की पहिल्याला बोलावणं जाई. तो पुरा पडला नाही, तरच दुसऱ्याला.

ही यादी करायचं काम विसाजी कारभाऱ्याकडे होतं.

विसाजी लाच खाणारा माणूस नव्हता. कुणाकडून त्यानं कधी सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. पण भर दरबारात दिवाणजी म्हणाले, "विसाजींनी यंदाही खजिना राखला," की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्या एका वाक्यासाठी तो वर्षभर राबायचा.

त्या फाल्गुनात तिघं आले. पहिला सपाटीवरचा बडा मक्तेदार. जरीकाठी पागोटं, हसरा चेहरा आणि तेल लावून चकचकीत केलेल्या चाळीस पखाली. दुसरा नदीपलीकडचा, लांबून आलेला. तिसरी होती येसाई.

येसाई साठीची होती. तिचं गाव डोंगरांपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बारा म्हशी, चोवीस पखाली आणि आठ कसलेली माणसं, एवढा तिचा पसारा. गेली वीस वर्षं वणव्याचं बोलावणं तिलाच जात आलं होतं, कारण आजवर तिच्याहून कमी रोज सांगणारं कुणी आलंच नव्हतं.

मक्तेदारानं जो रोज सांगितला, तो येसाईच्या निम्मा होता. ऐकून विसाजीचे डोळे लकाकले.

"येसाई, तुझा भाव एवढा चढा कसा?" त्यानं विचारलं.

"कारभारी, वणवा आठ-दहा दिवसांचा असतो. म्हशी मात्र बारा महिने खातात," येसाई म्हणाली. "माणसंही बारा महिने बांधून ठेवावी लागतात. नाहीतर ऐन वेळी आणू कुठून? ते सगळं त्या दहा दिवसांच्या रोजातच बसवायचं असतं."

"हे तर निम्म्यात करतायत," विसाजीनं मक्तेदाराकडे बोट दाखवलं.

"कसं करतात ते त्यांनाच विचारा. आणि पखाली भरून बघा."

नियम तसाच होता. पखाल पाण्यानं भरायची, म्हशीच्या पाठीवर लादायची, वेशीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. गळली तर बाद. पण ऊन रणरणत होतं, आणि चाळीस पखाली भरायच्या म्हणजे अख्खा दिवस जाणार होता.

मक्तेदार हात जोडून म्हणाला, "साहेब, तळ्यानं तळ गाठलाय. लोकांच्या पिण्याचं पाणी असं मातीत ओतायचं? कातडं बघा, शिवण बघा. आपल्या नजरेपुढं काय लपणार आहे?"

विसाजीला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते पटवून घ्यायचंच होतं. त्यानं चार पखालींवरून हात फिरवला, मान डोलावली आणि यादी लिहिली. मक्तेदार पहिला, नदीपलीकडचा दुसरा, येसाई तिसरी. मक्तेदाराच्या म्हशी कुठं बांधलेल्या असतात आणि नदीपलीकडून यायला किती दिवस लागतात, हे यादीत लिहायची पद्धत नव्हती. म्हणून त्यानं ते विचारलंही नाही.

दिवाणजींनी दरबारात त्याची पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी येसाई पुन्हा आली. विसाजीच्या ओट्यावर बसली, पदरानं घाम पुसला.

"कारभारी, यंदा मला बोलावणं येणार नाही, हे मला कळतंय," ती म्हणाली. "पण म्हशी उपाशी ठेवता येत नाहीत. सरकारी कुरणातला चारा तेवढा मिळू द्या. मी जनावरं आणि माणसं उन्हाळाभर तयार ठेवते. लागलं तर हाक मारा."

"बोलावल्याशिवाय काही द्यायचं नाही, असा नियम आहे, येसाई."

"मग मला म्हशी विकाव्या लागतील."

"तुझ्या म्हशी, तुझी मर्जी," तो म्हणाला.

येसाई उठली. जाताना तिनं एकदा उत्तरेच्या डोंगरांकडे पाहिलं. त्याच आठवड्यात अकरा म्हशी बाजारात गेल्या. बाराव्या म्हातारीला गिऱ्हाईक मिळालं नाही. माणसं कामाच्या शोधात चारी दिशांना पांगली.

वैशाखात एका दुपारी डोंगरावर धूर दिसला.

विसाजीनं घोडेस्वार पिटाळला. स्वार मक्तेदाराच्या वाड्यावर पोहोचला, तर मक्तेदार गावातच नव्हता. त्यानं त्याच चाळीस पखाली आणि त्याच म्हशी शेजारच्या दोन राज्यांनाही कबूल केल्या होत्या, आणि तिथंही वणवे पेटले होते. वाड्यावर त्याचा मुनीम तेवढा होता. त्यानं गोठ्यातल्या उरल्यासुरल्या पाच म्हशी आणि दहा पखाली लावून दिल्या.

विसाजी त्या पखालींबरोबर स्वतः निघाला. वाटेत त्याला धुळीत ओलं दिसलं. आधी ठिपके, मग धार. त्यानं पखालीच्या शिवणीला हात लावला. आतून मेण भरलं होतं, वरून तेल चोपडलं होतं. उन्हानं मेण वितळलं होतं. डोंगर जवळ येईपर्यंत दहांतल्या सात पखाली रिकाम्या होऊन लोंबत होत्या.

दुसरा स्वार नदीपलीकडे गेला होता. तिथला माणूस प्रामाणिक होता. निरोप मिळताच तो निघाला, पण त्याची वाट तीन दिवसांची होती.

तेव्हा विसाजीनं त्या पखाली पुढं पायथ्याच्या कुरणवाडी गावाला धाडल्या, घोडा वळवला आणि येसाईचं घर गाठलं. दारातच त्यानं हात जोडले. "येसाई, कुरणवाडीवर वणवा उतरतोय. चल."

"कुणाला घेऊन येऊ?" येसाई म्हणाली. "माणसं नाहीत. एक म्हातारी म्हैस आहे आणि तिला लादायला दोन पखाली."

एवढं बोलून ती थांबली नाही. तिनं पखाली काढल्या, विहिरीवर भरल्या, म्हशीवर लादल्या आणि चालू लागली. रोज किती, हे तिनं विचारलं नाही. सांगायचं विसाजीचं धाडस झालं नाही.

ती दोघं पोहोचली तेव्हा कुरणवाडीची वरची आळी पेटली होती. खालच्या आळीतली माणसं ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. येसाईनं वाऱ्याचा अंदाज घेतला आणि पांदीच्या तोंडाशी असलेल्या दोन घरांची छपरं भिजवली. ती दोन घरं पेटली असती तर गावाबाहेर पडायची वाट बंद झाली असती. तिच्या दोन पखालींनी ती वाट तासभर मोकळी ठेवली. त्या वाटेनं साठ-सत्तर माणसं पोरंबाळं काखेत घेऊन बाहेर पडली.

वरच्या आळीतले एकवीस जण बाहेर पडले नाहीत.

"अजून पाणी आणा! कुणीतरी पाणी आणा!" एक बाई ओरडत होती. तिचा सासरा आत राहिला होता. विसाजीनं मक्तेदाराची एक पखाल उचलली. ती रिकामी होती. दुसरी उचलली. तीही रिकामी. बाईनं त्याच्या हातातल्या चामड्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मटकन खाली बसली.

पुढं राजानं चौकशी केली. मक्तेदाराला जबर दंड झाला आणि पुन्हा या राज्यात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. विसाजी शिक्षेची वाट पाहत मान खाली घालून उभा होता. दिवाणजींनी यादी वाचून दाखवली.

"महाराज, सगळ्यांत कमी रोज, त्याचं नाव पहिलं. विसाजींनी नियमाप्रमाणेच केलं आहे."

"मग तुझा दोष नाही, विसाजी," राजा म्हणाला.

"महाराज, मी पखाली भरून पाहिल्या नाहीत," विसाजी म्हणाला. "येसाईनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिच्या म्हशी बाजारात गेल्या, तेही मला ठाऊक होतं."

राजानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो उठून आत निघून गेला. विसाजीला शिक्षा झाली नाही. ती झाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं जन्मभर वाटत राहिलं.

त्यानं नियम बदलून घेतला. पखाल भरून पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही. अंतर विचारायचं. आणि जो उन्हाळाभर तयार राहील, त्याच्या जनावरांना सरकारी चारा द्यायचा. नवा नियम घेऊन तो स्वतः येसाईकडे गेला.

येसाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं केलंत. पण आता माझ्याच्यानं होणार नाही. आगीच्या तोंडाशी न बुजणारी म्हैस चार वर्षांनी तयार होते, कारभारी, आणि माणूस दहा वर्षांनी. माझी चार माणसं परमुलखात गेली, त्यांचा पत्ता नाही. आणि मी थकले."

पुढच्या फाल्गुनात दवंडी पिटली गेली. विसाजी सकाळपासून अंगणात बसून राहिला. नदीपलीकडच्यानं निरोप धाडला, की इतक्या लांबून वेळेत पोहोचणं जमायचं नाही आणि खोटा शब्द मी देणार नाही. दुसरं कुणी फिरकलं नाही. सूर्य मावळल्यावर विसाजीनं कोरी यादी गुंडाळली आणि तो घरी गेला.

चैत्र लागताच पायथ्याच्या गावांनी आपली घरं सोडली. लोकांनी जातं, भांडीकुंडी, गुरंढोरं घेतली आणि ते दक्षिणेला उतरले. पुष्कळ जण परत आले नाहीत. कुरणवाडी तर पुन्हा वसलीच नाही. तिच्या चुलींच्या दगडांमधून आता गवत उगवतं आणि उन्हाळ्यात वाळतं.

बोध: संकटासाठी मदतीचा माणूस निवडताना जो फक्त स्वस्त काय ते पाहतो, तो वाचवलेल्या पैशाची किंमत दुसऱ्यांच्या जिवानं चुकवतो.